कॅसिनोतली पंगत

आधीच सांगून ठेवते, मला माफ करता येत न्हाई. काही बायका रडल्या की मोकळ्या होतात. मी रडले की अजून भडकते. माझा नवरा रामप्रसाद म्हणतो, मिना, तुझं डोकं म्हणजे चुलीवरची कढई हाय, कवाबी हात लावला तरी चटका. म्हणू द्या त्याला. तो कसा हाय ते पुढं सांगतेच.

हिंगोलीकडच्या पुसेगावच्या अलीकडं, रस्त्याला लागूनच आमचा तांडा हाय. आमी बंजारा, घरात गोरमाटी बोलतो, तुमाला सांगायचं म्हणून मराठीत सांगून राहिले. माझे वडील उत्तमसिंग हे तांड्याचे नायक. मी त्यायला बा म्हणते. मी एकुलती एक, म्हणून रामप्रसाद आमच्याकडं घरजावई आला. आता हळदीचं वावर तो बघतो अन् त्याला मी बघते.

आमच्या तांड्याची जेवणाची एक रीत हाय. दुसऱ्या तांड्यात असंल न्हाई तर नसंल, आमच्यात हाय. पंगत बसली, सगळं वाढून झालं, की लोकं नायकाकडं बघतात. नायकानं पहिला घास घेतला की मग बाकीच्यायचे हात ताटाला लागतात. अन् ज्याच्या घरचं जेवण, तो यजमान तर बसतच न्हाई. तो वाढतो, आग्रह करतो, पाणी बघतो, अन् सगळ्यायचं झालं की शेवटी भिंतीला टेकून उरलंसुरलं खातो. करोडपती असला तरी त्याच्या घरच्या पंगतीत तो शेवटी. लहानपणी मला वाटायचं की सगळ्या जगात असंच जेवतात.

तर हरिचंद. हरिचंद आमच्याच तांड्यातला, माझ्या बांच्या मांडीवर मुतलेला. त्याचा बाप लवकर गेला, तवा ह्याच्या शाळेच्या कपड्यापासून बघितलं ते माझ्या बानं. पुढं तो हिंगोलीला गेला, रस्त्याची कामं घ्यायला लागला, अन् बघता बघता पांढरी गाडी, पांढरे कपडे, पांढरे बूट. सहा वर्षांखाली त्याच्या पोरीचं लगीन झालं, हिंगोलीच्या मोठ्या मंगल कार्यालयात. अख्खा तांडा गेला. बा नवीन धोतर नेसून, पागोटं बांधून गेले.

बा टेबलाला बसले. पुरी, बासुंदी, वांग्याची भाजी, जिलबी, सगळं वाढून झालं होतं. बानं पुरीचा तुकडा मोडला, तेवढ्यात हरिचंद कुण्या सफारीवाल्या साहेबाला घेऊन पळतच आला. खुर्च्या भरलेल्या. त्यानं इकडं तिकडं बघितलं अन् माझ्या बांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणला, ‘‘काका, जरा उठा. साहेबायला बसू द्या. तुमी तर घरचेच. तुमचं मागून बघू.’’

भरल्या ताटावरून उठवलं हो! कुत्र्यालाबी कुणी खाताना हाकलत न्हाई. बानं तुकडा ताटात ठेवला, धोतराला हात पुसला अन् उठले. सरळ दारातून बाहेर.

मी बायकायच्या बाजूला होते, ताडकन उभी राहिले. मला वाटलं, आता तांडा उठतो. नायक उठला म्हणल्यावर सगळा तांडा उठायला पाहिजे. पण कोण उठतंय! बांच्या शेजारी किसनसिंग बसला होता, बांचा लहानपणापासूनचा मैतर. त्यानं खुर्ची सरकवून साहेबाला जागा करून दिली. अन् माझा नवरा? त्यानं वाढप्याला हाक मारून अजून एक वाटी बासुंदी घेतली. मी माझ्या डोळ्यानं बघितलं. घरी आल्यावर म्हणतो कसा, ‘‘मला दिसलंच न्हाई काय झालं ते.’’ मुडदा बशिवला त्या बासुंदीचा!

त्या दिवसापासून बा कोणत्याच पंगतीत बसले न्हाईत. लगीन असो, बारसं असो, जातात, आहेर करतात, नवरानवरीच्या डोक्यावर हात ठेवतात, अन् ताटं मांडायला लागले की म्हणतात, ‘‘माझ्या पोटात गडबड हाय, तुमी जेवा.’’ सहा वर्षं गडबड. लोकं त्यायच्या नावाचं एक ताट वाढून ठेवतात अन् खायला लागतात. ते ताट तसंच राहतं, माशा बसून राहतात त्याच्यावर. मी घरी भाकर थापून त्यायला वाढते तवा माझ्या अंगाचा तिळपापड होतो. एकदा मी म्हणलं, बा, तुमी बोलत काहून न्हाई, चार लोकात हरिचंदची अब्रू काढत काहून न्हाई? बा म्हणले, ‘‘भाकर कडक झाली, जरा पाणी दे.’’ 

मला एवढंच पाहिजे होतं, की माझ्या बानं परत पंगतीत बसावं, अन् त्याच्या आधी हरिचंदनं ताटावर बसून मान खाली घालावी. दुसरं काही न्हाई मागितलं मी सेवालाल महाराजाला.

अन् महाराजानं कॅसिनो पाठवला.

झालं असं, की हरिचंदला गोव्याचं वेड लागलं होतं. तिथं मोठाल्या हॉटेलात कॅसिनो असतो म्हणे, खाली जुगार अन् वर जेवण. तो येऊन गप्पा हाणायचा: एवढ्या मोठ्या बशीत एवढंसंच देतात, पण एका बशीला चार माणसं उभी राहतात, एक जण वाढायला, एक जण सांगायला, की हे काय हाय. मला वाटायचं, जे खाताना सांगावं लागतं की हे काय हाय, ते खावंच काहून? पण ह्याला ते भारी आवडलं. तसंच हॉटेल त्यानं नरसी नामदेवच्या रस्त्याला बांधलं. नाव ‘कॅसिनो पॅलेस’. खाली पत्त्यायचा क्लब. पैशाचा खेळ न्हाई, नुसत्या रंगीत टिकल्या, असं तो सगळ्यायला सांगायचा, खरं खोटं त्याचं त्याला माहीत. वर काचेचं, एसीचं जेवणाचं हॉटेल. त्याचं नाव ‘रॉयल फ्लश’. ते पत्त्यातलं हाय म्हणे. तांड्यातल्या बायकायला फ्लश म्हणलं की दुसरंच आठवायचं, अन् पदरात तोंड घालून हसायच्या.

त्यात निवडणूक आली. हरिचंदला जिल्हा परिषदेला उभं राहायचं होतं. पक्षाचे निरीक्षक येणार होते, तांडे ह्याच्या मागं हायेत का न्हाईत ते बघायला. तिकीट त्याच्यावर ठरणार. मग ह्याला आठवलं की आपण बंजारा हाव.

एका सकाळी पांढरी गाडी आमच्या अंगणात. हरिचंद खाली उतरला, बांच्या पायाला हात लावला, बाजंवर बसला.

‘‘काका, हॉटेलचं उद्घाटन हाय. अख्खा तांडा जेवायला पाहिजे. साहेब लोकायच्या समोर पहिला घास तुमीच घ्यायचा. मी रीत इसरलो न्हाई.’’

बा म्हणले, ‘‘माझ्या पोटात गडबड राहते रे.’’

‘‘काका, तिथलं जेवण हलकं असतंय. गोव्याचा शेफ आणलाय. सात ताटल्या, एकामागं एक.’’

त्याच्या तोंडावर लगीन, साहेब, खुर्ची, कशाचीच आठवण नव्हती. तो खरंच इसरला होता. मला त्याचाच जास्त राग आला. दुष्टपणानं केलं असतं तर निदान ध्यानात तरी ठेवलं असतं. मी चहा घेऊन बाहेर आले. माझ्या डोक्यात तवाच सगळं जुळलं, अन् मी इतकं गोड बोलले की घरात बसलेल्या रामप्रसादला ठसका लागला.

‘‘येऊ की भाऊ, काहून न्हाई येणार? बाला मी घेऊन येते. फक्त एक तकलीफ हाय.’’

‘‘काय गं मिना?’’

‘‘आपली लोकं अडाणी. ते काटे-चमचे कवा बघितले हायेत त्यायनं? साहेबायच्या समोर हातानं भुरके मारतील, तुमचीच शोभा होईल. तुमी एक करा. मधी उभे राहू नका, समोर बसा. सूप आलं की तुमी आधी पिऊन दाखवा, चमचा कसा धरायचा, कसा न्यायचा. तुमचं बघून लोकं शिकतील.’’

हरिचंद खूश. ‘‘बराबर हाय तुझं! गोव्यात मलाबी एकानं असंच शिकवलं होतं.’’

चहा पिऊन तो गेला. रामप्रसाद बाहेर आला, माझ्याकडं बघून म्हणला, ‘‘यजमानच आधी खाणार? मिना, तू काय करून राहिली?’’

‘‘तुमी गप बसा. तुमाला कुठं काय दिसत असतंय.’’

सहा वर्षं ह्या एका वाक्यावर मी त्याला गप बसवून राहिले.

बाला मी बेत सांगितला न्हाई. सांगितला असता तर ते आले नसते. नुसतं म्हणलं, बा, जेवू नका, पण येऊन बसा, तांड्याची इज्जत हाय. माझ्या मनात सरळ होतं. हरिचंद नायकाच्या आधी तोंड घालणार, अन्न उष्टं होणार. तांड्याच्या रीतीनं ते अन्न मग कुणाला चालत न्हाई. बा उठतील. पण बा उठले की तांडा उठंल का? ह्याच्यावर सगळं होतं. मागच्या बारीसारखं बा एकटेच बाहेर गेले अन् हे सगळे सूप भुरकत बसले, तर मी माझ्या बाला दुसऱ्यांदा मारलं असं झालं असतं. ह्या विचारानं मला दोन दिवस अन्न गेलं न्हाई.

दिवस ठरला. हरिचंदनं दोन ट्रॅव्हल्स पाठवल्या. बायका नटून, पुरुष इस्तरीचे कपडे घालून. सकाळपासून कुणी काही खाल्लं नव्हतं, मोठ्या हॉटेलात जेवायचं म्हणून. दुपारी आमी पोचलो. खाली हिरव्या कापडाची टेबलं, टिकल्यायचे ढीग, एक मोठं फिरतं चाक. वरती गेलो तर गारठा. खुर्च्या इतक्या मऊ की जमनाकाकू बसली अन् आत गेली, दोघीनं हात धरून वर काढली. प्रत्येकाच्या समोर पंख्यासारखं दुमडलेलं कापड अन् चमच्यायची रांग. किसनसिंग माझ्या कानात म्हणला, ‘‘एवढ्या चमच्यात लगीन होतंय गं.’’

मधल्या टेबलाला बा. त्यायच्या समोर हरिचंद, त्याच्या एका बाजूला पक्षाचे निरीक्षक, खादीचा कुडता घातलेले, बोलायला शांत. माझी खुर्ची बांच्या शेजारी मी धरूनच ठेवली होती. रामप्रसाद माझ्यापलीकडं. हरिचंदनं भाषण केलं. तांडा माझी आई हाय, नायक माझा बाप हाय, असं बरंच काही. फोटोवाल्यानं फोटो काढले. मग सूप आलं. लाल रंगाचं, वाटीच्या तळाला, वर एक हिरवं पान.

वासानं पोटात कावळे ओरडायला लागले. तरी कुणी हात लावला न्हाई. सगळ्या माना बांकडं. बा हात मांडीवर ठेवून बसले होते.

हरिचंदनं चमचा उचलला, वर धरून सगळ्यायला दाखवला.

‘‘बघा रे सगळे. असा धरायचा. आवाज करायचा न्हाई.’’ अन् चमचा तोंडात. एक न्हाई, तीन चमचे प्याला. वरून ओठ पुसून म्हणला, ‘‘घ्या, घ्या! लाजता काहून?’’

कुठंच आवाज न्हाई, नुसता एसीचा. काही लोकायनं चमचे उचललेले होते, त्याचं बघून. ते तसेच अधांतरी राहिले. अन् माझ्या बाजूला बघते तर रामप्रसादच्या हातात चमचा, चमच्यात सूप. भूक त्याला सहन होत न्हाई, लगीन झाल्यापासून मला माहीत हाय. तो माझ्याकडं बघत नव्हता. तो बांकडं बघून राहिला होता.

मग त्यानं चमचा वाटीत उलटा केला. वाटी पुढं सरकवली. बारीक आवाजात म्हणला, पण त्या शांततेत सगळ्यायला ऐकू गेलं, ‘‘उष्टं हाय हे.’’

खण्ण खण्ण करून सगळीकडून चमचे खाली पडायला लागले. किसनसिंगनं वाटी सरकवली. जमनाकाकूनं सरकवली. मला रडू आलं अन् रागबी आला, की हेच सहा वर्षांखाली करता आलं नसतं का मेल्यांनो! पण केलं. आज केलं.

हरिचंदच्या ध्यानात आलं तवा त्याचा रंग उडाला. तो तांड्यातच वाढलेला, रीत हाडात होती, फक्त गोव्याच्या हवेनं झाकून गेली होती. खुर्ची मागं सारून उठला. ‘‘काका, चुकून झालं. मी तर नुसतं दाखवायला... हे सगळं परत नेऊ, नवीन करायला लावतो. तुमी पहिला घास घ्या.’’

मी बांच्या कोपराला हात लावला. म्हणलं, बा, चला, उठा आता. माझा बेत तिथपर्यंतच होता.

बा उठले न्हाईत. त्यायनं माझा हात काढून बाजूला ठेवला.

‘‘मी एकदा उठलो होतो हरिचंद. तुझ्या पोरीच्या लग्नात. आज मी बसणार हाय.’’

हरिचंद उभाच. आता कुठं त्याला आठवलं. त्याच्या तोंडावर आठवलेलं दिसलं मला, अन् सहा वर्षांचा माझा उपास तिथं सुटला.

बा शांतपणे बोलून राहिले होते, जसं कुणाच्या वावराचा बांध ठरवतात तसं. ‘‘पंगत एकदाच बसत असती. तू सुरू केलंस, तूच संपव. अन् एकाचं जेवण चालू असताना दुसऱ्यानं उठायचं न्हाई, एवढं आमाला कळतं. तू जेव. आमी बसलोत.’’

बयाबया! मी माझ्या बापाला भोळा समजत होते. मी त्याला उठवायला निघाले होते, अन् त्यानं हरिचंदला खाली बसवलं.

निरीक्षक साहेबायला काही कळेना. त्यायनं माझ्याकडं बघून विचारलं, ‘‘ताई, ही मंडळी जेवत का नाहीत? काही चुकलं का?’’

मी उभी राहून सांगितलं, अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं. ‘‘साहेब, हे आमचे नायक. ह्या हरिचंदनं ह्यायला भरल्या ताटावरून उठवलं होतं, तुमच्यासारख्या एका साहेबाला बसवायला. तवापासून ह्यायनं पंगतीचा घास घेतला न्हाई. आज हरिचंदभाऊ एकटेच जेवणार हायेत. आमी त्यायला सोबत करून राहिलो.’’

साहेबानं हातातला चमचा हळूच खाली ठेवला. हरिचंदकडं बघितलंबी न्हाई.

तेवढ्यात पांढरी टोपी घातलेला गोव्याचा शेफ बाहेर आला, हसत हसत. त्या बिचाऱ्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. दुसरी ताटली आली. पपईची फोड अन् तिच्यावर पांढरं काहीतरी. सगळ्यायच्या समोर ठेवली, सगळ्यायनं हात मांडीवर घेतले. हरिचंदनं बांकडं बघितलं, दाराकडं बघितलं, लोकायकडं बघितलं. मग बसला अन् खाल्ली.

तिसरी ताटली माशाची. शेफ सांगून राहिला, सुरमई कुठली, तिला काय लावलं, किती मंद आचेवर भाजली. अख्खा तांडा ऐकून राहिला अन् हरिचंदच्या तोंडाकडं बघून राहिला. तो चावायचा तर चावलेलं ऐकू यायचं. फोटोवाल्यानं कॅमेरा पिशवीत घातला.

माशाच्या मधातच साहेब उठले. ‘‘हरिचंदराव, आम्हाला सेनगावला जायचंय. जे बघायचं ते बघितलं.’’ बांना वाकून नमस्कार केला अन् निघाले.

हरिचंदचा जीव त्यायच्या मागं गेला. तोंडात घास, एक हात टेबलावर, अर्धा उठलेला. साहेबाच्या मागं धावावं तर तांडा जातो, बसावं तर तिकीट जातं.

‘‘बस रे,’’ बा म्हणले. आवाज इतका मायेचा, की मला अंगावर काटा आला. ‘‘भरल्या ताटावरून उठू न्हाई. वाईट वाटतं.’’

जिन्यावरून साहेबाच्या चपलायचा आवाज खाली गेला. गाडी चालू झालेली ऐकू आली. हरिचंद खाली बसला.

मग लिंबाचा बर्फ आला, तोंड साफ करायला म्हणे. मग काळ्या दगडाच्या पाटीवर मटणाचे दोन तुकडे. शेफ म्हणला, ‘‘ही खास तुमची डिश आहे, बंजारा मटन.’’ त्या वासानं लोकायच्या तोंडाला पाणी सुटलं. रामप्रसादनं डोळे मिटून घेतले. पण एकाचाही हात हलला न्हाई. हरिचंदच्या डोळ्यातून पाणी गळून राहिलं होतं, मिशीवरून मटणावर. तो तसंच खात होता. मला कीव आली का? खरं सांगते, न्हाई आली. अजून चार ताटल्या असत्या तर बरं झालं असतं असं वाटलं. 

काळा भात झाला. शेवटी गोड आलं, चॉकलेटचा गोळा अन् त्याला सोन्याचा वर्ख. हरिचंदच्या घशाखाली उतरत नव्हतं. बानं त्याच्या पुढं पाण्याचा गिलास सरकवला. घोटाघोटानं त्यानं ते संपवलं, चमचा ठेवला, अन् खाली मान घालून म्हणला, ‘‘झालं काका.’’

‘‘पोट भरलं?’’

त्यानं मान हलवली.

बा उठले. त्यायच्या मागं सगळ्या खुर्च्या एकदम सरकल्या, तो आवाज मला मरेपर्यंत पुरंल. हरिचंद टेबलाला वळसा घालून आला, बांचे पाय धरायला वाकायला लागला. पण सात ताटल्या पोटात, वरून पट्टा आवळलेला. त्याला वाकताच येईना.

‘‘राहू दे,’’ बा म्हणले. ‘‘पोटावर ताण येतो.’’

त्याच्या ट्रॅव्हल्स आमी घेतल्या न्हाईत. नरसीच्या फाट्यावर दोन टेम्पो मिळाले, त्यात दाटीवाटीनं बसलो. सगळे भुकेनं कासावीस. बा पुढच्या बाजूला, पत्र्याला धरून उभे. किसनसिंग त्यायच्या शेजारीच उभा होता, पण थोडा अंग चोरून. मी त्याच्याकडं बघून राहिले होते. ती सरकवलेली खुर्ची मी अजून सोडलेली नव्हती.

बानं वळून त्याच्याकडं बघितलं.

‘‘किसनसिंग, तुझ्या शितलचं लगीन कवा हाय रे?’’

‘‘पुढच्या... पुढच्या बेस्तरवारी हाय नायक.’’ किसनसिंगला धड बोलताबी येईना.

‘‘पंगत कितीला बसंल?’’

‘‘तुमी याल तवा बसंल.’’ एवढं म्हणून तो म्हातारा सगळ्यायच्या समोर, टेम्पोत उभ्या उभ्या, लेकरावानी रडायला लागला.

‘‘येतो,’’ बा म्हणले. ‘‘जेवूनच जाईन.’’